तात्या गेले

नोकरी लागली की माणूस अंगानं भरतो, असं आमच्या गल्लीत सगळे मानायचे. माझं उलटं झालं. टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आणि तिसरा महिना लागेपर्यंत माझ्या हातातल्या काचेच्या बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या होत्या. आई भाकरी थापता थापता माझ्या मनगटाकडं बघायची आणि परातीत आणखी एका भाकरीचं पीठ ओढायची. ती भाकरी शेवटी धाकट्या बहिणीच्या, नंदाच्या पोटात जायची, त्यामुळं मी वाळत गेले आणि नंदा गोल होत गेली.

सोलापुरात, भवानी पेठेत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. भिंतीपलीकडं यंत्रमाग चालायचे. त्यांची खटक्-खटक् आमच्या घरात इतकी मुरली होती, की माग बंद पडले तर आम्ही जेवता जेवता थांबून एकमेकांकडं बघायचो. मागवाल्यांच्या घरात तेलुगू, पुढच्या बोळात उर्दू, आमच्या दारात मराठी. भांडण कुणाच्या घरात लागलंय हे नुसत्या भाषेवरून कळायचं. माझे वडील, अण्णा, एका शाळेत हेडक्लार्क होते. बारीक चणीचा, इस्त्रीच्या सदऱ्यातला, हळू बोलणारा माणूस. अण्णांना घाबरलेलं, चिडलेलं किंवा धावताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. मला नोकरी लागली त्या दिवशी मात्र ते साखर पेठेपर्यंत जाऊन पेढे घेऊन आले आणि ज्यांच्याशी आमचं जाणं-येणं नव्हतं त्यांच्या दारातसुद्धा स्वतः जाऊन देऊन आले. "आमची मंगल सरकारी नोकरीत लागली," एवढंच म्हणायचे आणि पुढच्या दाराकडं वळायचे. आमच्या घराण्यात पगार आणणारी मी पहिलीच मुलगी. त्या पेढ्यांचं ओझं माझ्यावर किती पडलं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

एक्स्चेंजची खोली लांबलचक. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायच्या आणि अनवाणी आत जायचं. एका रांगेत बोर्ड, प्रत्येक बोर्डासमोर एक बाई, कानाला हेडसेट. बोर्डावर बारीक दिव्यांच्या ओळी असायच्या. दिवा लागला की समजायचं, कुणीतरी बोलायला थांबलंय. वायरीचं टोक त्या भोकात खुपसायचं आणि म्हणायचं, "नंबर प्लीज." परगावचा फोन, म्हणजे ट्रंक कॉल, आधी नोंदवावा लागायचा आणि तीन मिनिटांच्या बोलण्यासाठी मग तासन्‌तास वाट बघायची. वाट बघून कंटाळलेली माणसं सगळा राग आमच्यावर काढायची. सुताचे व्यापारी, चादरीवाले, दवाखाने, लग्न ठरवणारे, लग्न मोडणारे. प्रत्येकाला वाटायचं आपलाच फोन तेवढा खरा. "बाई, पुण्याचं काय झालं? झोपलात का?" असं म्हणणाऱ्यालाही "कृपया थांबा" म्हणायचं आणि ते गोड आवाजात म्हणायचं. एक दिवा विझवला की तीन लागायचे. मागून आमच्यावर देखरेख करणाऱ्या मॉनिटर बाई फेऱ्या मारायच्या. त्या कुणावर कधी ओरडल्या नाहीत, पण त्या माझ्या पाठीमागं आल्या की माझी मान आपोआप ताठ व्हायची आणि हात घामानं भिजायचे. वायरीचं टोक निसटायचं.

आधी पोट दुखायला लागलं. ड्यूटीला निघायच्या बरोबर अर्धा तास आधी दुखायचं आणि सुट्टीच्या दिवशी अजिबात नाही. मग जेवण जाईना. मग कान नाटकं करायला लागले. कुकरची शिट्टी झाली की मी ताडकन उभी राहायची. दूधवाल्यानं सायकलची घंटी वाजवली तर माझ्या तोंडून "नंबर प्लीज" निघून जायचं. एकदा दुपारी चटईवर डोळा लागला होता आणि झोपेत मी स्वतःच्या आईला "आपली तीन मिनिटं संपली" असं सांगितलं म्हणे. नंदानं ते गल्लीभर केलं. पोरं मला बघून नाकपुड्या दाबून "कृपया थांबाऽऽ" म्हणायची. मी हसायची, पण हसल्यावर दम लागायचा.

आईनं तिच्या पद्धतीनं शोध सुरू केला. पहिल्या आठवड्यात मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. दुसऱ्या आठवड्यात ओवा आणि गरम पाणी. तिसऱ्या आठवड्यात अण्णांनी डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी जीभ बघितली, पापणी बघितली आणि लाल रंगाचं टॉनिक दिलं. ते नंदाला आवडलं. चौथ्या आठवड्यात आईनं मला स्वयंपाकघरात बसवलं, दार ओढून घेतलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "काय लपवलालीस गं? नाव सांग."

"कुणाचं?"

"पोराचं. जातीचा नसला तरी सांग. आधी नाव सांग, मग मी रडायचं का ते बघते."

मी इतकी थकलेली होते की एखादं नाव सांगून मोकळं व्हावं असं क्षणभर वाटलं. माझ्या आयुष्यात पोरगा नव्हता, नुसते दिवे होते. पण ते सांगायचं कसं? नोकरी अवघड जातेय म्हणावं, तर पेढे वाटलेले. आजकाल आमच्या नातवंडांना चौथीतच टेन्शन येतं आणि ती तसं सांगतातही. माझ्या नातीनं तर परवा टेन्शन आलंय म्हणून शेवग्याची शेंग खायला नकार दिला. आम्ही तिला हसलो, पण मला मनातून बरं वाटलं. मला त्या वयात शब्दच नव्हता. मला वाटायचं, बाकीच्या बायका शहाण्या आहेत आणि मी एकटीच कशीतरी चुकून आत शिरलेय. आज ना उद्या कुणाच्या तरी लक्षात येईल. म्हणून मी एक गोष्ट टाळायला लागले. ऐकू आलं नाही तरी "पुन्हा सांगा" म्हणेनाशी झाले. एकदा एका व्यापाऱ्याला दोनदा विचारलं तर तो म्हणाला होता, "बहिऱ्या बायका भरल्यात का तिथं?" तेव्हापासून जेवढं ऐकू येईल तेवढ्यावर अंदाज बांधायचा आणि पुढं रेटायचं, असं माझं चालू झालं.

थंडीचे दिवस होते. सकाळची ड्यूटी. माढ्याहून ट्रंक कॉल आला. फोन करणाऱ्याचा थोरला भाऊ इथं सोलापुरात सुताचं दुकान चालवायचा, त्याच्याशी बोलायचं होतं. लाइन इतकी खराब की दोघांना एकमेकांचं काही ऐकू येईना. नियमात बसत नसलं, तरी अशा वेळी आम्ही निरोप पोचवायचो; तासभर वाट बघितलेल्या माणसाला तसंच परत पाठवायला जीव होत नसे. मी म्हटलं, "तुमचा निरोप मला सांगा, मी त्यांना सांगते." पलीकडून तो माणूस बेंबीच्या देठापासून ओरडला, "तात्या गेले!" आणि मग नुसती खरखर. खरखरीतून पुन्हा, "...दादाला या म्हनावं..." आणि लाइन तुटली.

आज इतक्या वर्षांनीही तो क्षण मला लख्ख आठवतो. माझ्या मनात स्पष्ट आलं होतं, पुन्हा लाइन मागावी, पुन्हा विचारावं. पण बोर्डावर सहा दिवे लागलेले होते, मॉनिटर बाई मागंच होत्या, आणि कुणी गेल्यावर "काय म्हणालात, कोण गेलं?" असं विचारायचं तरी कसं? मी आवाज खाली घेतला. दुकानात थांबलेल्या त्या थोरल्या भावाला जमेल तितक्या मायेनं सांगितलं, "तात्या गेले. तुम्हाला या म्हणून निरोप आहे." पलीकडं काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग फोन तसाच लोंबकळत राहिला असावा, कारण मला दुकानातली रडारड ऐकू येत राहिली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पुढचा दिवा लागला आणि मी म्हटलं, "नंबर प्लीज."

तात्या खरंच गेले होते. सकाळच्या एसटीनं, सोलापूरला. फोन करणाऱ्या त्यांच्या धाकट्या मुलाचं म्हणणं एवढंच होतं, की तात्या गेले, दादाला स्टँडवर घ्यायला या म्हणावं.

दुपारी दोनच्या सुमारास तो थोरला मुलगा एक्स्चेंजच्या दारात येऊन उभा राहिला. जिवंत बापाला घरी बसवून आला होता. आनंद झाला म्हणून ओरडत होता की राग आला म्हणून, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. "कोन बाई हाय ती? माज्या बापाला मारलं तिनं! लेखी तक्रार करनार हाय मी!" आतपर्यंत सगळं ऐकू येत होतं. मॉनिटर बाईंनी माझ्याकडं बघितलं. माझी नेमणूक अजून कच्ची होती. एक लेखी तक्रार म्हणजे घरचा रस्ता, हे सगळ्यांना माहीत होतं. मी उठले. हेडसेटची वायर बोर्डातून ओढली आणि मागच्या दारानं चालायला लागले. कुठं, ते ठरवलं नव्हतं. भर दुपारी, अनवाणी, गळ्यात सरकारी हेडसेट आणि त्याची लोंबती वायर, अशी मी सिद्धेश्वर तळ्यापर्यंत गेले. लोक वळून बघत होते. एक म्हातारी तर नमस्कार करून गेली. तिला मी नवस फेडायला निघाल्यासारखी वाटले असणार.

तळ्याच्या कडेला पायरीवर बसले. रडूही येईना. छाती अशी धडधडत होती की मला वाटलं, आता खरंच एक माणूस मरणार आणि तो मीच. किती वेळ गेला कोण जाणे. मागून आवाज आला, "क्यों गे मंगल, सरकार का माल लेके किधर चली?"

मुमताजबाई. आमच्या रांगेतल्या सगळ्यात जुन्या ऑपरेटर. माझ्याशेजारच्या बोर्डावर बसायच्या. गोऱ्या, ठसठशीत, तोंडात कायम बडीशेप. एका हातात माझ्या चपला आणि दुसऱ्या हातात भाजलेल्या शेंगांची पुडी घेऊन त्या आल्या होत्या. धापा टाकत शेजारी बसल्या, चपला माझ्यापुढं ठेवल्या, हेडसेट माझ्या गळ्यातून काढून स्वतःच्या पिशवीत घातला आणि पुडी उघडली. "खा."

"भूक नाही."

"मैं पूछी क्या भूक है क्या? खा बोली."

मी एक शेंग फोडली. त्या पाण्याकडं बघत म्हणाल्या, "पेट में दुखता? ड्यूटी के पहले?"

मी मान हलवली.

"हाथ कू पसीना? कान में घंटी? पीछे कोई आया तो गर्दन अकडती?"

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. आईला, डॉक्टरांना, कुणाला जे सांगितलं नव्हतं ते ही बाई यादी वाचल्यासारखी सांगत होती. "तुम्हाला कसं कळलं?"

"मेरेकू नहीं कळेल तर कोणाला कळेल?" आमच्याशी बोलताना त्या दोन भाषांची अशीच मोट बांधायच्या. "पहिल्या वर्षाला माझा आवाजच गेला होता. बोर्ड पे बैठी की आवाज गायब, घर में गई की वापस. मेरी सास बोली, जिन लगा. मेरेकू दर्गा में लेके गए, ताईत बांधा, सब हुआ. बाद में एक बुढ्ढी ऑपरेटर थी, वो बोली, अगे, ये टेन्शन है. सबकू रहता. तेरा डोकं हौर तेरा पेट, दोनों एक्कीच घर में रहते. वर भांडण झालं तर खाली आवाज जाणारच की."

"सगळ्यांना होतं? त्या मॉनिटर बाईंना पण?"

"वो? वो महिने के आखिर में गोळी खाके आती, पेट की." आणि मुमताजबाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की तळ्यातली बदकं लांब गेली.

मी हसले. मग रडले. मग दोन्ही एकदम झालं आणि शेंगदाणा नाकात गेला. त्यांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. ते झाल्यावर मात्र त्यांनी मला नीट समजावलं. दिवा लागला की लगेच झेप घ्यायची नाही. आधी तळपाय फरशीला नीट टेकवायचे, एक श्वास पूर्ण सोडायचा, मग हात पुढं करायचा. "एक सांस में किसी का फोन नहीं मरता." उपाशीपोटी बोर्डावर बसायचं नाही. सुटल्यावर बसमध्ये चेंगरत घरी न जाता चालत जायचं, म्हणजे ते आवाज वाटेत गळून पडतात. आणि सगळ्यात मोठं, ऐकू आलं नाही तर सांगायचं, की ऐकू आलं नाही. "नहीं सुना बोलने में कौनसी इज्जत जाती? तू नहीं बोली, तो देख, एक अच्छा-भला बुढ्ढा गया."

संध्याकाळी मी चालतच घरी गेले आणि उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. पोटदुखी, दिवे, तात्या, तळं, सगळं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे पोरगा नाही?"

"नाही."

"बरं." तिनं मोठा श्वास सोडला. "आणि हे टेन्शन म्हणजे लागट असतं का? नंदाला होईल?" नंदा तेव्हा चौथी भाकरी खात होती. तिला काही होण्यासारखं दिसत नव्हतं. मग आईनं कोपऱ्यातलं दगडी उखळ पुढं ओढलं, त्यात भाजलेले शेंगदाणे, तिखट, लसूण, मीठ टाकलं आणि बत्ता माझ्या हातात दिला. "हाण. त्या दुकानवाल्याचं तोंड समज आणि हाण. मी काय उगीच दर आठवड्याला एवढी चटणी करते होय? तुझ्या आत्या येऊन गेल्या की दोन किलो होते बघ." मी घाव घालत राहिले. शेंगदाण्याला तेल सुटलं, लसणाचा वास घरभर झाला, माझे दंड भरून आले, आणि कितीतरी दिवसांनी मला कडकडून भूक लागली. त्या दिवशी मी अडीच भाकऱ्या खाल्ल्या. आई मोजत होती.

अण्णा मात्र मान खाली घालून जेवत होते. मला वाटलं, त्यांना लाज वाटली. ते ताटावरून उठले, हात धुतले, पंचाला पुसत पुसत परत आले आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "दरवर्षी शाळेची तपासणी असते ना, त्या दिवशी मला उलटी होते."

आईचा हात भाकरीवर थांबला. "काय होतं?"

"उलटी. शाळेच्या मागं एक नळ आहे. साहेब यायच्या आधी मी तिथं जातो, होऊ देतो, तोंड धुतो आणि आत येतो. रजिस्टरं सगळी बरोबर असतात. तरी होते. बावीस वर्षं झाली." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मला वाटायचं मी एकटाच आहे."

पलीकडं माग चालू होते. आम्ही चौघं त्या आवाजात बसलो होतो. आईच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. राग होता, बावीस वर्षं सांगितलं नाही म्हणून, आणि त्याच्या खाली दुसरंही काही होतं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "त्या दिवशी मी डब्यात वांग्याची भाजी देत होते. कशाला द्यायची मग?" आणि आम्ही सगळेच हसायला लागलो.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. मॉनिटर बाईंनी लेखी खुलासा मागितला. मी खरं तेच लिहिलं, "लाइन खराब होती. नीट ऐकू आलं नाही. पुन्हा विचारायची भीती वाटली. चूक माझी आहे." त्यांनी तो दोनदा वाचला, माझ्याकडं बघितलं आणि "भीती" या शब्दाखाली बोट ठेवून म्हणाल्या, "हे असं कुणी लिहीत नाही." पण कागद परत केला नाही. तक्रार आली तर तो तिच्याबरोबर वर जाणार होता.

चार दिवसांनी तक्रार आली नाही, तात्या आले. पांढरं धोतर, लाल पटका, खांद्यावर पोतं. दारातून त्यांनी हाळी दिली, "मला मारलेली पोरगी कुटं हाय?"

मी उठून बाहेर गेले. तळपाय फरशीवर नीट टेकवले, श्वास सोडला आणि म्हटलं, "मीच ती. चुकले मी. माफ करा, तात्या."

"माफी कशाची? आगं, हितं बस." त्यांनी मला बाकावर बसवलं. मागं मुमताजबाई, मॉनिटर बाई, जेवणाच्या सुट्टीतल्या चार जणी जमल्या. तात्यांना एवढे श्रोते मिळाल्यावर काय! "स्टँडवर उतरलो, तर न्यायला कोन बी न्हाय. म्हनलं, आसंल कामात. चालत गेलो पोराच्या घराकडं, तर दारात ही गर्दी. मानसं डोक्याला टावेल गुंडाळून बसलेली. मी कडंला बसलो, एकाला इचारलं, कोन गेलं वो? त्यो म्हनला, ह्यांचा म्हातारा, माढ्याचा. म्या म्हनलं, आरारा, लई वंगाळ झालं. त्यो म्हनला, लई भला मानूस व्हता म्हनं. मी म्हनलं, व्हय, व्हता. आन्‌ मग माज्या टकुऱ्यात उजेड पडला, माढ्याचा म्हातारा म्हंजी मीच की!"

मॉनिटर बाईंनी पदर तोंडाला लावला. तात्या पुढं सरकले. "आता खरं ऐक. माजी थोरली सून दोन वरीस माज्याशी बोलत न्हवती. तिच्या पुरनपोळीला म्या नाव ठिवलं व्हतं, एवढंच. मी घरात डोकावलो, तर सगळ्यात मोट्यानं कोन रडत असंल? तीच! 'मामंजी, मला बोलायचं व्हतं वो तुमच्याशी,' म्हनून ऊर बडवत व्हती. मी म्हनलं, मग बोल की, हाय मी हितं! तर किंचाळली, आन्‌ मग भांडाया लागली. दोन वर्साचं एकदम भांडली. आता बोलतीया. काल पोळ्या केल्यात्या." ते थांबले. पटक्याच्या शेवानं त्यांनी डोळे पुसले, ते हसून आलेलं पाणी होतं का दुसरं, मी विचारलं नाही. "मेल्याबिगार हे कुनाला बघाया मिळत न्हाय, पोरी. पोराला सांगितलंय, तक्रार-बिक्रार कायबी न्हाय." मग पोतं माझ्यापुढं ठेवलं. "हुरडा हाय. समद्या मिळून खावा."

त्या दिवशी एक्स्चेंजच्या मागच्या अंगणात आम्ही काड्या पेटवून कणसं भाजली. मॉनिटर बाईंनी तळहातावर मळलेला हुरडा मला स्वतः दिला आणि हळूच म्हणाल्या, "तू लिहिलेला तो कागद मी फाडून टाकला. पण वाचून बरं वाटलं."

मी एका रात्रीत बदलले असं म्हणणार नाही. पोट पुढं कितीतरी दिवस दुखलं, मग आठवड्यातून एकदा दुखलं, मग नुसतं महिन्याच्या शेवटी. पण आता ते दुखतं कशामुळं हे मला ठाऊक होतं, आणि कारण माहीत असलेलं दुखणं अर्धंच असतं. संध्याकाळी चालत घरी येऊन आईजवळ बसायचं आणि दिवसभर कोण काय बोललं ते सगळं ओकून टाकायचं, ही सवय लागली. बहिरी म्हणणारा तो व्यापारी पुन्हा एकदा फोनवर भेटला. मी म्हटलं, "ऐकू आलं नाही. सावकाश पुन्हा सांगा." त्यानं नंबर एकेक आकडा सुटा करून सांगितला. एवढंच करायचं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला अण्णांच्या शाळेची तपासणी आली. माझी ड्यूटी दुपारची होती. सकाळी अण्णा सदरा चढवता चढवता म्हणाले, "येतेस का शाळेपर्यंत?" त्यांनी असं कुणालाच कधी विचारलं नव्हतं. आम्ही दोघं चालत गेलो. शाळा भरायला वेळ होता, पटांगण रिकामं. अण्णा मला इमारतीच्या मागं घेऊन गेले आणि एखादं देऊळ दाखवावं तसं म्हणाले, "हा नळ." साधा पितळी नळ, खाली शेवाळलेली फरशी. आम्ही दोघं त्याच्याकडं बघत उभे राहिलो आणि कुणाला आधी हसू फुटलं माहीत नाही, पण अण्णा भिंतीला हात टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी त्यांना असं हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"काय झालं?" मागून आवाज आला. हातात चामडी बॅग घेतलेला एक तिशीचा माणूस उभा होता. तपासणीचे साहेब, वेळेच्या तासभर आधी आलेले, तेही मागच्या फाटकातून.

अण्णांचं हसू थांबलं. त्यांचा चेहरा पांढरा पडायला लागला. मग मी बघितलं, अण्णांनी पाय जमिनीला नीट टेकवले, श्वास सोडला आणि म्हणाले, "साहेब, दरवर्षी तपासणीच्या दिवशी मला इथं उलटी होते. मुलीला जागा दाखवत होतो."

साहेबांनी नळाकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं, मग बॅग कठड्यावर ठेवली. "पाणी चांगलं आहे का या नळाचं?"

"आहे, साहेब."

ते वाकले, तोंडावर पाण्याचे हबके मारले आणि ओल्या चेहऱ्यानंच म्हणाले, "माझी ही पहिली तपासणी आहे. सकाळपासून पोटात काही ठरत नाही. मागच्या फाटकातून यासाठीच आलो, म्हटलं कुठं कोपरा मिळतोय का बघावा."

अण्णांनी खिशातला स्वच्छ घडीचा रुमाल त्यांना दिला. मग काय वाटलं कोण जाणे, पिशवीतून डबा काढला, नळाशेजारच्या कठड्यावर उघडला आणि आईची कडक भाकरी तीन ठिकाणी मोडली. वर शेंगांची चटणी. साहेबांनी आधी नको नको म्हटलं, मग एक तुकडा घेतला, मग बसले. चटणीनं त्यांच्या कपाळाला घाम आला. त्यांनी विचारलं, "घरी करता?" मी म्हटलं, "आई करते. कधीकधी मी पण हाणते." शाळेची घंटा झाली, पोरांचा गलका पटांगणात शिरला, तरी आम्हा तिघांपैकी कुणीच उठलं नाही, साहेबांच्या हातात अजून अर्धी भाकरी होती.